पहिल्या पेपरचा पहिला वाचक

कात्रज चौकातून स्वारगेटच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला भारती विद्यापीठाचा परिसर लागतो. त्याच्या मागच्या अंगाला धनकवडीत पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, म्हणजे मुलांच्या तोंडी 'पीआयसीटी', आणि पलीकडे आंबेगावात आणखी काही इंजिनिअरिंग कॉलेजं. एवढ्याशा टापूत संगणक शिकणारी हजारो मुलं-मुली दरवर्षी असतात. शेवटच्या वर्षाला चौघाचौघांचे गट पडतात आणि वर्षभर खपून प्रोजेक्ट तयार होतो. यातले कितीतरी प्रोजेक्ट माणसं यंत्र कसं वापरतात याच प्रश्नाभोवती फिरणारे असतात: बसची वेळ सांगणारं ॲप, आजीला गोळीची आठवण करून देणारा फोन, मराठीत बोलून चालवता येणारा फॉर्म. मे महिन्यात तोंडी परीक्षा होते, रिपोर्टला बाइंडिंग होतं, एक प्रत विभागाच्या कपाटात जाते आणि विषय संपतो. त्या कामात जगाला सांगण्याजोगं काही असलंच, तर ते पेपर होऊन परिषदेपर्यंत पोचत नाही. मुलांकडे बुद्धी नाही म्हणून असं होतं हे खरं नाही, आणि इंग्रजी कच्चं म्हणून होतं हेही अर्धंच खरं आहे. पहिल्या पेपरला परिषदांच्या जगात वावरलेला एक वाचक आधी मिळावा लागतो, आणि तो मिळण्याची सोय आपण मुलांच्या नशिबावर सोडून दिली आहे. दुखणं तिथे आहे.

माणूस आणि संगणक यांच्यातल्या देवघेवीचा अभ्यास करणारी ही विद्याशाखा तशी तरुण आहे. तिची सर्वांत मोठी परिषद, सीएचआय, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात गेदर्सबर्ग इथे 1982 मध्ये पहिल्यांदा भरली. या क्षेत्रातले लोक तिचा उच्चार चक्क 'काय' असा करतात. परिषद म्हटलं की आपल्याकडे सत्कार, भाषणं आणि जेवण असं चित्र डोळ्यांपुढे येतं. संगणकशास्त्रात मात्र परिषदेत पेपर स्वीकारला जाणं हीच मोठी कसोटी असते. इतर शास्त्रांत नामांकित नियतकालिकाला जो मान, तो इथे परिषदेला. पेपर पाठवताना लेखकाचं नाव झाकायचं असतं. अनोळखी परीक्षक तो वाचतात, लेखी मत देतात, आणि सीएचआयमध्ये साधारण चारातले तीन पेपर परत येतात. परीक्षक समोर बसलेला नसतो. 'सर, मला म्हणायचं होतं ते असं' हे त्याला समजावून सांगायची सोय नाही. आठ-दहा हजार शब्दांत जे उतरलं असेल तेवढंच त्याच्यापर्यंत जातं. म्हणून तो काय शोधतो, कुठे अडखळतो, कोणतं वाक्य वाचून पेपर मनातून बाजूला ठेवतो, हे ज्याला ठाऊक आहे अशा कुणीतरी पेपर आधी वाचलेला असणं याला इतकी किंमत आहे.

समजा, कात्रजच्या बस स्टँडवर प्रवाशांना ॲप दाखवून चार मुलांनी अभ्यास केला. वीस जणांना विचारलं, अठरा जणांनी 'छान आहे' म्हटलं, आणि मुलांनी लिहिलं की नव्वद टक्के वापरकर्ते समाधानी आहेत. तोंडी परीक्षेत हे चालून जाईल. परिषदेतला परीक्षक मात्र इथेच थांबेल, आणि त्याला कारण आहे. 2012 च्या सीएचआय परिषदेत बंगळुरूमध्ये केलेला एक अभ्यास मांडला गेला होता. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी 450 मुलाखती घेतल्या. दोन वस्तू अगदी सारख्या असल्या, तरी 'ही मी बनवली आहे' असं विचारणाऱ्याने सूचित केलं की तीच पसंत पडण्याची शक्यता सुमारे अडीच पट वाढली. विचारणारा परदेशी असेल आणि दुभाषा घेऊन आला असेल, तर पाच पट. मुद्दाम खराब केलेली वस्तूदेखील केवळ विचारणाऱ्याची म्हणून लोकांनी उचलून धरली. आपल्या घरांत हे कुणाला शिकवावं लागत नाही. पोरगं उन्हात उभं राहून काहीतरी दाखवतंय, त्याला नाही कशाला म्हणायचं? म्हणजे स्टँडवरच्या अठरा 'छान आहे'मध्ये ॲपचं कौतुक किती आणि चांगुलपणा किती, हे वेगळं काढता येत नाही. ज्याने हा अभ्यास वाचला आहे तो मुलांना एकाच वाक्यात सांगेल: विचारू नका, काम द्या. 'स्वारगेटची पुढची बस किती वाजता आहे ते यातून शोधून दाखवा' म्हणा आणि बाजूला उभं राहून बघा. बोट कुठे थांबतं, माणूस किती वेळा मागे जातो, शेवटी ॲप सोडून कंडक्टरलाच विचारतो का. हे वाक्य ऑक्टोबरात मिळालं तर अभ्यास बदलतो. पेपर नाकारल्यावर परीक्षकाच्या पत्रातून मिळालं, तर मुलं एव्हाना नोकरीला लागलेली असतात.

लिहिण्याचंही तसंच. आपल्याकडचा पहिला मसुदा बहुतेक वेळा 'आजच्या धावपळीच्या युगात तंत्रज्ञान हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक बनला आहे' या वाक्याच्या इंग्रजी अवताराने सुरू होतो. दहावीच्या निबंधाने लावलेली ही सवय आहे. दोष मुलांचा नाही. त्याच मसुद्याच्या सहाव्या पानावर, तक्त्याखाली, एक ओळ सापडते: स्टॉपचं नाव ॲपमध्ये एक आहे, कंडक्टर आणि प्रवासी त्याला दुसऱ्याच नावाने ओळखतात, म्हणून अनेकांना आपलाच स्टॉप यादीत सापडला नाही. सगळा पेपर या एका ओळीत आहे. कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव यांच्यातली ही फट कोणत्याही शहरातल्या बसव्यवस्थेला लागू पडते, आणि तिच्यावर विचार करायला परीक्षक तयार असतो. जाणता वाचक पहिलं पान खोडतो आणि सहाव्या पानावरची ओळ वर आणतो. मुलांना ती ओळ दिसत नाही, कारण त्यांच्यासाठी ती अडचण होती, शोध नव्हता. दोन्हींमधला फरक ओळखायला त्या क्षेत्रातले शे-दोनशे पेपर वाचून झालेले असावे लागतात, आणि विशीतल्या मुलांचे ते झालेले नसणार हे उघड आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की यासाठी कॉलेजात गाईड असतातच. असतात, आणि त्यांच्यातले कितीतरी मनापासून काम करतात. पण गाईड नेमलेला असतो आणि मेंटॉर, म्हणजे तो जाणता वाचक, शोधलेला असतो. गाईडकडे एकाच वेळी अनेक गट असतात, वर्गावरचे तास असतात, परीक्षांचं आणि मान्यतेच्या कागदपत्रांचं ओझं असतं. शिवाय त्यांचा स्वतःचा विषय नेटवर्क किंवा डेटाबेस असेल, तर माणसांवर केलेल्या अभ्यासाचा पेपर कसा तोलतात हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. या पोकळीत काय शिरतं तेही पाहिलं पाहिजे. पैसे घेऊन आठवड्याभरात छापून देणारी नियतकालिकं शिरतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्या यादीत घुसलेल्या आणि इतरत्र कुठे नोंद नसलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असं त्यांना आढळलं. ज्या मुलाला आपला पेपर दाखवायला जाणतं माणूस सापडत नाही, त्याला फी भरून 'पब्लिश' करून देणारा लगेच सापडतो. त्याच्या बायोडेटात एक ओळ वाढते, आणि बसस्टॉपच्या नावांची ती गोष्ट पुन्हा कुणीही वाचणार नाही अशा जागी गाडली जाते.

मेंटॉर मिळाल्याने खरोखर फरक पडतो, की होतकरू मुलांनाच मेंटॉर मिळतात आणि ती तशीही पुढे गेलीच असती? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर गोड बोलून देता येणार नाही. सुदैवाने एका ठिकाणी ते चिठ्ठ्या टाकून मिळालं आहे. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापिकांसाठी 2004 पासून दोन दिवसांचे मार्गदर्शन वर्ग सुरू झाले. अर्ज जागांपेक्षा जास्त आले, म्हणून निवड सोडतीने केली. त्यामुळे निवडलेल्या आणि राहून गेलेल्या दोन्ही गटांची गुणवत्ता सारखीच होती. या वर्गांत ज्येष्ठ प्राध्यापिका तरुणींचे मसुदे वाचून त्यावर बोलत. पाच वर्षांनी 2004 च्या गटाचा हिशेब मांडला, तेव्हा निवड झालेल्यांचे सरासरी तीन लेख अधिक प्रसिद्ध झालेले होते, आणि अव्वल नियतकालिकात लेख येण्याची त्यांची शक्यता 25 टक्के बिंदूंनी जास्त होती. विषय वेगळा, देश वेगळा, हे मान्य. पण तिथेही कुणाला जास्त हुशार केलं गेलं नव्हतं. त्यांच्या मसुद्याला योग्य वाचक मिळाला होता, एवढंच.

आणि दूरचा दाखला पुरेसा वाटत नसेल तर धनकवडीतलाच घ्या. एल-थ्री-क्यूब पुणे नावाच्या उपक्रमात पीआयसीटीचे विद्यार्थी गेली काही वर्षं मराठी भाषेवर संगणकीय काम करत आहेत. 2021 मध्ये त्यांचा 'महासेंट' हा संच आला: सुमारे 16,000 मराठी ट्वीट गोळा करून प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ, अशी खूण माणसांनी हाताने केलेली. तो पेपर युरोपातल्या भाषातंत्रज्ञानाच्या परिषदेला जोडलेल्या कार्यशाळेत स्वीकारला गेला. पुढच्या वर्षी 'महानेर' आलं, 25,000 मराठी वाक्यांतली माणसांची, गावांची, संस्थांची नावं खुणा करून वेगळी काढलेलं. द्वेषाची भाषा ओळखायला 'महाहेट' आलं. आज मराठीसाठी भाषातंत्रज्ञान करू पाहणारा कुणीही या संचांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. या पेपरांच्या शेवटी आभाराची दोन ओळींची नोंद असते, आणि माझ्या मते ती संशोधनाइतकीच महत्त्वाची आहे. हे काम एल-थ्री-क्यूब पुणेच्या मेंटॉरशिप कार्यक्रमात झालं, असं ती सांगते. पदवीचीच मुलं, तेच कॉलेज, तीच शेवटच्या वर्षाची धांदल. मोठी प्रयोगशाळा नव्हती, परदेशी निधीचा गाजावाजा नव्हता. विषय नीट आखून देणारं आणि मसुदा कुठे पाठवायचा हे जाणणारं माणूस ठरलेल्या जागी, दरवर्षी उपलब्ध होतं. एका गटाचं काम पुढच्या गटाच्या हाती गेलं, म्हणून संचावर संच उभे राहिले. माणूस आणि यंत्र यांच्या देवघेवीच्या अभ्यासाला याच टापूत असं काही उभं राहू नये, याला मला तरी कारण दिसत नाही.

कुणी म्हणेल, परीक्षण ही शेवटी लॉटरी आहे, तिथे मेंटॉर काय करणार? या म्हणण्याला आधार आहे. 2014 मध्ये मशीन लर्निंगच्या एका मोठ्या परिषदेने 166 पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांना गुपचूप वाचायला दिले, तर 43 पेपरांबाबत दोघींचं मत विरुद्ध निघालं. हे धक्कादायक आहेच. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी, की उरलेल्या 123 पेपरांवर दोन्ही समित्या एकमताने बोलल्या, आणि त्यातले बहुतेक नाकारलेले होते. नशिबाचा खेळ चालतो तो मधल्या पट्ट्यात. पहिल्यांदा लिहिणाऱ्याचा पेपर त्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाही, कारण त्याचा प्रश्न तिसऱ्या पानावर सापडतो आणि पद्धतीतली चूक पहिल्या वाचनात दिसते. त्याला सोडतीत तरी उतरवणं हे मेंटॉरचं काम आहे. अस्सल प्रतिभेला कुणाची गरज नसते, असंही म्हटलं जातं, आणि आपल्याकडे दाखला तयार असतो देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा. संशोधनाचं औपचारिक शिक्षण नाही, पाठीशी कुणी नाही, तरी 1949 मध्ये त्यांनी 6174 या संख्येचं गुपित उलगडलं. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नसले म्हणजे झालं. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 वरच येता. पण जगाला कापरेकर माहीत झाले ते मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा. शोध आणि कीर्ती यांच्यात 26 वर्षं गेली, आणि तोवर त्यांचं वय सत्तरीला पोचलं होतं. कुणाचीही मदत लागत नाही याचा हा पुरावा म्हणायचा, की मदत न मिळाल्याने काय घडतं याचा?

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. मेंटॉर मुलांना परदेशी परीक्षकाच्या आवडीनुसार लिहायला शिकवेल, आणि कात्रजचा प्रश्न कात्रजचा राहणार नाही, ही ती भीती. ती खोटी नाही. 2016 ते 2020 या काळातले सीएचआयचे पेपर तपासणाऱ्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की 73 टक्के निष्कर्ष पाश्चात्त्य देशांतल्या माणसांवरून काढलेले होते; आणि ही माणसं जगाच्या लोकसंख्येच्या 12 टक्क्यांहूनही कमी. सिएटलच्या वीस विद्यार्थ्यांवरचा अभ्यास 'वापरकर्त्यांचा' म्हणून छापला जातो आणि पुण्याच्या वीस प्रवाशांवरच्या अभ्यासाला 'हे फक्त पुण्यापुरतं आहे का?' असं विचारलं जातं. हा अन्याय आहे, आणि तो मुकाट्याने सोसायचा नाही. पण त्याला उत्तर द्यायलाही इथली माती आणि तिथली रीत दोन्ही ओळखणारा माणूस लागतो. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी देवनागरीसाठी 'कीलेख' हा कीबोर्ड तयार केला. इंग्रजी टंकयंत्राच्या कळांवर आपली अक्षरं कशीबशी बसवण्याऐवजी त्यांनी वर्णमालाच कळफलकावर मांडली: क, ख, ग, घ, ङ ही ओळ, तिच्याखाली च, छ, ज, झ, ञ. पहिलीच्या पाटीवर जी मांडणी मूल पाठ करतं, तीच बोटाखाली. हा प्रश्न रोमन लिपीत लिहिणाऱ्या परीक्षकाला कधी पडलेलाच नव्हता. तरी 2004 मध्ये तो सीएचआय परिषदेत मांडला गेला. पुढे मोबाइलसाठी याच घराण्यातला 'स्वरचक्र' आला, आणि व्यंजनावर बोट ठेवताच त्याची बाराखडी भोवती गोल उमलू लागली. आपला प्रश्न सौम्य करून नव्हे, तर तो परक्या वाचकाला पहिल्याच पानावर उमगेल इतका नेमका करून तिथे पोचवता येतो. चांगला मेंटॉर शिकवतो ते हे.

मसुदा दुसऱ्याने सुधारल्यावर काम कुणाचं, ही शंकाही वाजवी आहे. जो सुरुवातीपासून प्रश्न आखतो, अभ्यासात हात घालतो, तो सहलेखक. जो दोनदा वाचून खुणा करून देतो, त्याचे आभार मानायचे. मोठ्या माणसाचं नाव वजनासाठी लेखकांत घालणं ही फसवणूक आहे, मग त्याने कितीही आग्रह धरो. आणि इंग्रजी सफाईसाठी आता यंत्रं आहेत. त्यांनी ते काम खुशाल करावं आणि वापर केल्याचं लेखकाने उघड सांगावं. पण सहाव्या पानावरची ओळ पहिल्या पानावर आणायची की नाही, याची जबाबदारी अंगावर घेणारं कुणी माणूसच असावं लागतं.

मग हा माणूस शोधायचा कुठे? आपण खरोखर वाचलेल्या आणि ज्यांचा आधार घेतला अशा पेपरांच्या लेखकांत. 2010 पासून आपल्याकडे 'इंडिया एचसीआय' ही परिषद भरते. आंतरराष्ट्रीय 'इंटरॅक्ट' परिषद 2017 मध्ये आयआयटी मुंबईत झाली. त्यांच्या छापील कार्यवाहीत मुंबई-पुण्याच्या हाकेवरची नावं सापडतात. ज्येष्ठांपेक्षा नुकताच पहिला पेपर स्वीकारला गेलेला पीएचडीचा विद्यार्थी पुष्कळदा अधिक उपयोगी ठरतो, कारण ठेच कुठे लागते ते त्याला ताजं आठवत असतं. पत्र लिहिताना 'रिस्पेक्टेड सर, प्लीज गाईड मी' म्हणून सोबत साठ पानांचा रिपोर्ट जोडू नये. असं पत्र उद्धट नसतं, पण वाचणाऱ्याला त्यात कुठून हात घालावा कळत नाही. एक पान पुरतं: प्रश्न काय, कुणावर अभ्यास केला, काय अनपेक्षित दिसलं, आणि त्या लेखकाच्या अमुक पेपरातल्या अमुक पद्धतीविषयी एक नेमकी शंका. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण, आणि मग पुढचं नाव. काही ठिकाणी ही सोय परिषदच करते. संगणकीय भाषाशास्त्राच्या एसीएल परिषदेच्या विद्यार्थी कार्यशाळेत पेपर पाठवण्याआधीच मेंटॉर जोडून मिळतो. सॉफ्टवेअरच्या आराखड्यांवरच्या 'प्लॉप' परिषदेत तर प्रत्येक पेपरला एक मेंढपाळ दिला जातो, शब्दशः याच नावाने. कळपाच्या मागे चालत, वाट चुकली की काठीने हलकेच वळवणारा माणूस कसा असतो, हे पावसाळा संपल्यावर घाट उतरणारे धनगर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कॉलेजांनी करण्यासारखं मात्र एक काम आहे, आणि ते वेळापत्रकाचं आहे. सीएचआयचे पेपर सप्टेंबरात जातात. आपला प्रोजेक्ट मे महिन्यात संपतो, जुलैत मुलं नोकरीवर रुजू होऊन हिंजवडी नाहीतर बंगळुरूला पांगतात, आणि जो लिहायचा काळ, ते जून ते सप्टेंबरचे चार महिने, त्या चौघांना एकत्र बसवणारं कुणीच उरत नाही. गट सातव्या सत्राऐवजी तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीतच पडले, अभ्यासाचा आराखडा बाहेरच्या एका वाचकाने त्याच वेळी पाहिला, स्टँडवरचं काम पावसाआधी उरकलं, तर शेवटच्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये चौघंही कॅम्पसवर असतील आणि मसुदा त्यांच्या हातात असेल. शेजारशेजारच्या तीन-चार कॉलेजांनी मिळून त्या ऑगस्टमधल्या दोन शनिवारी एक खोली उघडी ठेवली, आणि ज्यांचे पेपर पूर्वी स्वीकारले गेले आहेत असे पाच-सहा जण पेन घेऊन तिथे बसले, तर सुरुवातीला एवढं पुरे आहे.